चोर दार वाजवून येतो

माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या माणसाला रेडिओवर बोलावतात तेव्हा बहुधा पाऊस, समुद्र किंवा मराठी भाषा यांपैकी काहीतरी विषय असतो. या वेळी मी स्वतःहून वेगळा विषय मागून घेतला. मला चोरीविषयी बोलायचे आहे. संगणकातून आणि मोबाइलमधून होणाऱ्या चोरीविषयी. मी या विषयातला तज्ज्ञ नाही. माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तेही मराठी घेऊन. पण माझे घर उरण तालुक्यात, न्हावा शेवा बंदराच्या शेजारी आहे, आणि या प्रकारची एक फार मोठी आणि एक अगदी लहान घटना मला जवळून पाहायला मिळाली. मोठ्या घटनेत एका जगप्रसिद्ध कंपनीचे कोट्यवधी डॉलर बुडाले. लहान घटनेत माझ्या थोरल्या बहिणीचे ८६,८५० रुपये गेले. दोन्हींतून निघालेला धडा मात्र बराचसा सारखा आहे. तो आपल्यापर्यंत पोचवावा, एवढाच हेतू.

आधी मोठी घटना. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले तेव्हा मी नुकताच पदवीधर झालो होतो. तेव्हापासून रात्री झोपताना ट्रेलरचे भोंगे ऐकायची आम्हाला सवय आहे. हे भोंगे थांबले तर आम्हाला चुकल्यासारखे होते. २७ जून २०१७, मंगळवारचा दिवस. आदल्या दिवशी रमजान ईद झाली होती. बासी ईदला पाहुणे येतात, शिरखुर्मा पुन्हा गरम होतो. अशा निवांत संध्याकाळी आम्ही आपाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी बसलो होतो. तिचा मुलगा तेव्हा बंदरातल्या एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला होता. त्याचा फोन सारखा वाजू लागला. बोलणे संपवून तो म्हणाला, "मामू, टर्मिनल बंद पडलंय. सगळे कॉम्प्युटर गेले म्हणतात."

"लाइट गेली असेल," मी म्हणालो.

लाइट गेली नव्हती. गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजे जी.टी.आय., हे न्हावा शेवातले टर्मिनल ठप्प झाले होते. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाशी ते जोडलेले आहे. वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याची त्याची क्षमता होती. ज्यांनी बंदर पाहिलेले नाही त्यांना वाटेल, की क्रेन आहेत, ट्रेलर आहेत, माणसे आहेत, मग संगणक बंद पडला म्हणून काम कशाला अडावे? पण कंटेनर म्हणजे ठरावीक मापांच्या लोखंडी पेट्या. यार्डात त्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. कोणत्या पेटीत काय आहे, ती कोणत्या रांगेत कितव्या थरावर आहे, तिचे शुल्क भरले का, ती कोणत्या जहाजावर चढवायची, हे सगळे फक्त संगणकाला ठाऊक असते. ती माहिती गेली की उरतो तो पेट्यांचा डोंगर. आत यायला निघालेले ट्रेलर बाहेर थांबतात आणि बाहेर जायचे ते आत अडकतात. पुढचे काही दिवस हाताने नोंदी करून काम ओढावे लागले, काही माल शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावा लागला, गाड्या उभ्या करायला जागा शोधाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत कारण समजले. जगभर एक संगणकी विषाणू सुटला होता. त्याचे नाव पुढे 'नॉटपेट्या' असे पडले. तो आला कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. त्याने कुठले कुलूप फोडले नव्हते. युक्रेन देशात हिशेब आणि कर भरण्यासाठी 'एम.ई.डॉक' नावाचे एक सॉफ्टवेअर सर्रास वापरले जात होते. आपल्याकडे दुकानदार हिशेबासाठी वापरतात तसलेच. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीतच शिरकाव करून घेतला आणि ग्राहकांना जाणाऱ्या नेहमीच्या सुधारणेत, ज्याला आपण 'अपडेट' म्हणतो त्यात, विष कालवले. युक्रेनमध्ये व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनी ते अपडेट नेहमीच्या विश्वासाने आत घेतले. तिथून ते मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात पसरले आणि समुद्र ओलांडून आमच्या दारात आले. ओळखीच्या दूधवाल्याच्या किटलीतूनच विष यावे, तसा हा प्रकार.

आत आल्यावर तो दोन वाटांनी पसरला. एक वाट विंडोज या प्रणालीतल्या एका भगदाडाची होती. हे भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्ये, म्हणजे तीन महिने आधीच दिली होती. मधे मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने याच भगदाडातून धुमाकूळ घालून इशाराही दिला होता. तरीही पुष्कळ यंत्रांवर ती दुरुस्ती बसवायची राहून गेली होती. दुसरी वाट पासवर्डची. एका संगणकाच्या स्मृतीत राहिलेले पासवर्ड उचलायचे आणि त्यांनीच शेजारच्या संगणकाचे दार उघडायचे. या वाटेने दुरुस्ती केलेली यंत्रेही बळी पडली.

पडद्यावर मजकूर यायचा, की तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये भरा म्हणजे तुमची माहिती मोकळी करू. हेही खोटेच होते. पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. खंडणीचा नुसता देखावा होता आणि हेतू नासधुशीचा होता. पुढे अमेरिका आणि ब्रिटनने या हल्ल्याबद्दल रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले आणि २०२०मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. भांडण दोन देशांचे आणि अडकले उरणच्या रस्त्यावरचे ट्रेलर.

मर्स्कचे नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर इतके झाले. कंपनीचे अध्यक्ष जिम हॅगमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८मध्ये दावोसच्या जागतिक व्यासपीठावर उभे राहून सगळे सांगितले. ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रणाली दहा दिवसांत नव्याने उभ्या कराव्या लागल्या, हे त्यांनी लपवले नाही. आणि हे उभे राहू शकले ते एका योगायोगामुळे. कंपनीच्या जाळ्याची किल्ली ठेवणारे जे मुख्य संगणक जगभर होते ते एकमेकांच्या प्रती सांभाळत होते, म्हणून एकाच वेळी सगळे पुसले गेले. फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातला एक वाचला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! आपण भारनियमनाला इतकी वर्षे नावे ठेवली. पण एका भारनियमनाने जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक वाचवली. त्या एका प्रतीवरून पुढचे सगळे उभे राहिले.

बंदराला नंतर आणखी एक धक्का बसला. फेब्रुवारी २०२२मध्ये न्हावा शेवातल्याच दुसऱ्या एका टर्मिनलच्या संगणकांवर हल्ला झाला आणि जहाजे शेजारी वळवावी लागली. पण आपण आता बंदरातून घरात येऊ. मोठ्या घटनेतल्या चार गोष्टी मात्र लक्षात ठेवा. चोर विश्वासाच्या दारातून आला. बुजवता येणारे भगदाड उघडे राहिले होते. पैसे भरून सुटका होणार नव्हती. आणि वाचले ते वेगळ्या ठेवलेल्या एका प्रतीमुळे आणि झालेले उघड सांगण्याच्या धैर्यामुळे.

आता लहान घटना. आपाचा तोच मुलगा पुढे कतारला नोकरीला गेला. आखातात गेलेली आमची मुले रमजानच्या आधी घरी पेटी पाठवतात. ब्लँकेटे, दूध पावडर, अत्तर, पोरांचे कपडे. विमानाने महाग पडते म्हणून पेटी समुद्रमार्गे येते आणि पुष्कळदा न्हावा शेवातच उतरते. दोन वर्षांपूर्वी अशीच एक पेटी निघालेली होती. एके दुपारी आपाला फोन आला. शुद्ध हिंदीत, अदबीने बोलणारा माणूस. "न्हावा शेवा कस्टममधून बोलतोय. परदेशातून तुमच्या नावाने आलेलं पार्सल अडकलंय."

पार्सल तर खरेच यायचे होते. इथेच आपाचा विश्वास बसला. नंतर आम्ही पुष्कळ डोके खाजवले, की त्याला हे कळले कसे? मला वाटते, त्याला काहीच कळलेले नव्हते. असे फोन रोज हजारोंनी केले जातात. कोकणात ज्याच्या घरचे कोणी परदेशी नाही असे घर शोधावे लागते. अंधारात दगड मारत राहिले की एखादा लागतोच. आणि ज्याला लागतो त्याला वाटते, की नेम आपल्यावरच धरला होता.

प्रथम ४,८५० रुपये शुल्क मागितले. आपाने भरले. तासाभराने फोन आला, की पेटीत जाहीर न केलेला माल आहे, २७,००० दंड. तेही गेले. मग तिसरा फोन, आवाज बदललेला, दरडावणारा. पेटीत सोन्याची बिस्किटे सापडली आहेत, मुलाला कतारमध्ये अटक होईल, प्रकरण मिटवायचे तर ५५,००० भरा, आणि तोवर फोन बंद करू नका, घरात कोणाशी बोलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर राजमुद्रा छापलेले पत्रही आले. आपाने उमराहसाठी साठवलेले पैसे होते. ते तिने नातीने शिकवलेल्या पद्धतीने, यूपीआयचा पिन स्वतः दाबून पाठवले.

त्यानंतर ती पाच दिवस गप्प राहिली. पाचव्या दिवशी मी सहज गेलो तर जेवण पुढ्यात घेऊन नुसती बसली होती. खूप विचारल्यावर सांगितले. मी म्हणालो, "आपा, त्याच दिवशी मला का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तू हसशील म्हणून."

हे वाक्य मला अजून टोचते. कारण त्याच्या काही महिने आधी, एका दावतीत, लांबच्या एका नातेवाइकाचे असेच पैसे गेल्याची गोष्ट निघाली होती. तेव्हा मीच मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "एवढी अक्कल नसते का माणसाला?" सगळे हसले होते. आपाही हसली होती. चोराने तिला कोणाशी बोलू नको म्हणून बजावले, पण फोन ठेवल्यावरही तिचे तोंड बंद राहिले ते माझ्यामुळे.

त्या पाच दिवसांची किंमत काय, ते मला नंतर समजले. असे पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. पहिल्या खात्यातून ते काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात फिरवले जातात आणि कुठल्या तरी गावच्या ए.टी.एम.मधून रोख काढले जातात. ही खाती चोरांच्या नावावर नसतात. थोड्या कमिशनसाठी कोणीतरी आपले पासबुक, कार्ड आणि सिमकार्ड वापरायला दिलेले असते. यात कॉलेजातली मुलेही सापडतात. 'फक्त खाते दे, महिन्याला पैसे घे' असे तुमच्या मुलाला कोणी सांगितले तर त्याला स्पष्ट सांगा, की चोरीचा माल घरात ठेवण्यासारखेच हे आहे, आणि पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतील.

या धावणाऱ्या पैशाला अडवण्यासाठी देशभर एक क्रमांक आहे : १९३०. त्यावर तक्रार नोंदली की ती माहिती संबंधित बँकेकडे जाते, पैसे अजून तिथे असतील तर तेवढी रक्कम रोखून धरली जाते, आणि पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवले जाते. म्हणजे ही शर्यत आहे. चोर मिनिटांत पळतो, आपण दिवसांत निघतो. पहिला तास सर्वांत मोलाचा. फोन करताना आपली बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. यूपीआयच्या व्यवहाराला बारा आकडी क्रमांक असतो, तो मोबाइलमधल्या व्यवहाराच्या नोंदीत सापडतो. हीच तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावरही करता येते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. आम्ही पाचव्या दिवशी १९३० फिरवला. ८६,८५० रुपयांपैकी ६,२०० रुपये एका खात्यात अडकलेले सापडले. बाकीचे कधीच निघून गेले होते.

बँकेच्या बाबतीतही वेळेचाच हिशेब चालतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी, म्हणजे आमचे टर्मिनल बंद पडल्यानंतर दहाच दिवसांत, एक परिपत्रक काढले. योगायोगच. त्यात म्हटले होते, की ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा नाही. चार ते सात दिवस लावले तर ठरावीक मर्यादेपर्यंत बोजा त्याचा. आणि ग्राहकाने स्वतःच पिन किंवा गुप्त क्रमांक दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच; कळवल्यानंतरचे मात्र बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्यात फायदाच आहे, लपवण्यात कधीच नाही.

सगळेच आपल्या हातात नसते, हेही खरे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला. बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या ए.टी.एम.मधून पैसे काढले गेले, शिवाय हाँगकाँगच्या एका खात्यावर रक्कम वळवली गेली. एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. कार्डावरच्या व्यवहारांना होकार देणारी जी यंत्रणा असते तिच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली होती. अशा दरोड्यापुढे तुम्ही आम्ही काय करणार? तो बँकेने आणि पोलिसांनी पाहायचा. पण आपाला आलेल्या फोनसारखे फोन आपल्याच उंबरठ्यावर येतात, आणि तिथे कडी आपल्याच हातात असते.

म्हणून त्या फोनमधले खोटे कुठे होते, ते पाहू. कस्टमचे अधिकारी फोन करून कोणाच्या खाजगी खात्यावर किंवा मोबाइल क्रमांकावर शुल्क भरायला सांगत नाहीत. ८ नोव्हेंबर २०१९पासून केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या अधिकाऱ्यांच्या पत्रांवर एक दस्तऐवज ओळख क्रमांक घालण्याची पद्धत सुरू झाली. 'डिन' म्हणून तो ओळखला जातो. तो क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर घालून पत्र खरे की खोटे ते कोणालाही तपासता येते. राजमुद्रा काय, झेरॉक्सच्या दुकानातही छापून मिळेल.

दुसरे, 'फोन बंद करू नका, कोणाला सांगू नका' हे वाक्य. हल्ली 'डिजिटल अरेस्ट' नावाखाली याचा मोठा अवतार निघाला आहे. पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओवर येतो आणि म्हाताऱ्या माणसांना तासन्‌तास, दिवसेंदिवस फोनसमोर बसवून ठेवतो. आपल्या कायद्यात फोनवरून अटक असा प्रकारच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये, म्हणजे रेडिओवरूनच, हे देशाला सांगितले आणि तीन पायऱ्या दिल्या : थांबा, विचार करा, मग कृती करा. त्यात मी माझी एक भर घालतो. पहिली कृती म्हणजे घरातल्या एका माणसाला हाक मारणे. जो तुम्हाला एकटे पाडू पाहतो तो सरकारी माणूस नव्हे.

तिसरे, पिन. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो. घ्यायला कधीच लागत नाही. 'परतावा मिळेल, पिन टाका', 'बक्षीस आहे, हा चौकोन स्कॅन करा' असे कोणी म्हटले तर समजावे, की पैसे तुमच्याच खात्यातून निघणार आहेत.

आता नॉटपेट्याचे धडे घरात कसे लावायचे? विश्वासाच्या दाराचा धडा असा, की आलेल्या दुव्यावर बोट ठेवून कुठेही जायचे नाही. बँकेचा निरोप आला तर तो बंद करून पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करायचा. बँकांच्या संकेतस्थळांच्या नावाचा शेवट आता 'डॉट बँक डॉट इन' असा करण्यात आला आहे, तेही पाहून घ्यावे. लग्नाची पत्रिका, वाहनाचा दंड, वीजबिल अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी अ‍ॅप उतरवू नयेत. तुमचा पडदा दुसऱ्याला दिसेल असे कुठलेही अ‍ॅप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेऊ नये. ओळखीच्या नावाने पैशांची मागणी आली तरी आधी त्या माणसाचा आवाज ऐकावा.

भगदाडाचा धडा असा, की फोन अपडेट मागतो तेव्हा 'नंतर' म्हणत राहू नये. मात्र ते फोनच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच करावे, कोणी पाठवलेल्या दुव्यावरून नव्हे. पासवर्डचा धडा असा, की सगळ्या कुलपांना एक किल्ली नको. निदान ई-मेलचा पासवर्ड तरी वेगळा हवा, कारण बाकीची पुष्कळ कुलपे त्यातूनच बदलता येतात. ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हींना दुहेरी पडताळणी लावून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. घानाचा धडा मी माझ्या कवितांना लावला. त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन, संगणकापासून काढून, कपड्यांच्या कपाटात ठेवली आहे. जोडलेली राहिली तर ती प्रत कसली!

आणि संशयास्पद फोन आला, पैसे मात्र गेले नाहीत, तरी गप्प बसू नये. मार्च २०२४मध्ये दूरसंचार विभागाने संचार साथी या संकेतस्थळावर 'चक्षू' नावाची सोय सुरू केली. तिथे असा फोन किंवा संदेश कळवता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, तेही संचार साथीवरच पाहता येते. मी पाहिले. आपणही एकदा पाहा.

आपाची खरी पेटी त्यानंतर तीन आठवड्यांनी आली. कार्गोवाल्याने दारात आणून ठेवली, सही घेतली आणि गेला. कोणी एक पैसा मागितला नाही. ब्लँकेटे, दूध पावडर, अत्तर, सगळे जागेवर होते. आपाने पेटी दोन दिवस उघडली नाही.

पण मग तिने एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. मोहल्ल्यातल्या बायका दर आठवड्याला पढाईसाठी एका घरी जमतात. तिथे पढाई संपल्यावर तिने सगळी हकिकत सांगितली. रक्कम सांगितली, आपण काय काय खरे मानले ते सांगितले. सुरुवातीला बायका गप्प होत्या. मग एकीने सांगितले, की मलाही असा फोन आला होता. दुसरीने कबूल केले, की माझे नऊ हजार गेले आहेत, मालकांना अजून ठाऊक नाही. दावोसला मर्स्कच्या अध्यक्षांनी जे केले तेच आपाने आमच्या मोहल्ल्यात केले. त्यानंतर आमच्या आळीत तसे दोन फोन आल्याचे मला माहीत आहे. दोन्ही वेळा बायकांनी फोन ठेवून दिला आणि आधी आपाकडे धाव घेतली.

म्हणून आज जाता जाता एक विनंती करतो. १९३० हा आकडा घरात कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, नव्याने मोबाइल हाती आलेल्या मुलांना, आजच जवळ बसवून एवढे सांगा : "कधी असं काही झालं, तर त्याच क्षणी मला हाक मार. चूक तुझी असली तरी चालेल. मी हसणार नाही." मी आपाला हे सांगायला पाच दिवस उशीर केला.